पोस्टरवरचा दहा वर्षांचा पोरगा: नागपूरच्या एका माजी बालकलाकाराचं प्रकरण

जुलै २०२४. इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली की धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एक मायलेक आले. पोरगा बावीसचा, दाढी राखलेला. आईच्या हातात बर्डीवरच्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची जुनी पिशवी. काम साधं होतं. पोराला मोटरसायकलसाठी कर्ज हवं होतं, बँकेनं तीन वर्षांचे रिटर्न मागितले होते आणि त्यानं जन्मात एकदाही रिटर्न भरला नव्हता.

"काय करतो तू?" मी विचारलं.

"नाटकात आहे काका. झाडीपट्टीत."

"आधी टीव्हीवर होता ना तो. ओळखलं नाही का तुम्ही?" असं म्हणत आईनं पिशवी टेबलावर उलटी केली.

खरं तर मी त्याला टीव्हीच्याही आधीपासून ओळखत होतो. २०१० च्या राज्य बालनाट्य स्पर्धेत, लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात, मी हौसेनं लाइटच्या बोर्डावर बसलो होतो. आठ वर्षांचं ते पोट्टं चुकून दुसऱ्याच्या प्रकाशात जाऊन उभं राहिलं, तिथूनच आपली वाक्यं म्हणाला आणि सभागृहानं टाळ्या पिटल्या. चूक पचवायची कला शिकवून येत नाही. त्याच नाटकाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ फिरत फिरत मालिकांना कलाकार पुरवणाऱ्या मुंबईच्या एका को-ऑर्डिनेटरपर्यंत गेला. दोन वर्षांनी पोरगा एका मराठी मालिकेत मुख्य पात्राच्या बालपणीची भूमिका करत होता.

हे सगळं त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. नाव, मालिका आणि वाहिनी मुद्दाम गाळली आहे. मला त्याच्या प्रसिद्धीत रस नाही, त्या पिशवीत आहे.

पिशवीतून निघालं ते असं: दुरोंतो आणि विदर्भ एक्स्प्रेसच्या तिकिटांचा रबर लावलेला गठ्ठा, वाहिनीच्या सोहळ्यातली एक ट्रॉफी (तिचा पितळी रंग हाताला लागत होता), शाळेच्या गेटवर लागलेल्या अभिनंदनाच्या फलकाचा फोटो, टीडीएसची (पैसे देतानाच कापलेल्या कराची) सर्टिफिकेटं, बँकेची पासबुकं आणि करारनाम्याची एक झेरॉक्स, तिचं शेवटचं पान नव्हतं. शिवाय बाबांची डायरी. बाबा सरकारी नोकरीत, मानेवाड्याला घर. मुंबईला पाठवलेला प्रत्येक रुपया त्यांनी तारखेसकट लिहून ठेवला होता. ही डायरी नसती तर हे प्रकरण मला कळलंच नसतं.

हिशेब मांडायला आम्हाला दोन रविवार लागले.

मालिका जुलै २०१२ ते ऑगस्ट २०१४, म्हणजे २६ महिने चालली. परडे, म्हणजे दिवसाचा मेहनताना, २,५०० रुपये. त्याच्या कामाचे दिवस भरले ३७०. पैसे मिळाले ३२५ दिवसांचे: ८,१२,५००. त्यातून दहा टक्के टीडीएस, ८१,२५०. को-ऑर्डिनेटरचं कमिशन पंधरा टक्के, १,२१,८७५. हाती आले ६,०९,३७५. आता दुसरी बाजू. गोरेगावला वन-आरके, भाडं १२,०००, म्हणजे २६ महिन्यांचे ३,१२,०००. किराणा, रिक्षा, शिकवणी, आजारपण आणि मालिकेतले 'घरचे' कपडे (ते घरूनच आणायचे असतात) मिळून महिन्याला चौदा हजार धरले तर ३,६४,०००. येण्याजाण्याचे चाळीसेक हजार. एकूण ७,१६,०००. तूट १,०६,६२५ रुपये. ती बाबांच्या पगारातून भरली गेली. अख्ख्या महाराष्ट्रात ज्याचा चेहरा रोज संध्याकाळी दिसत होता, त्याला दिसता ठेवण्यासाठी मानेवाड्यातलं घर लाखावर रुपये खर्च करत होतं.

मोहल्ल्यात मात्र वेगळंच चालू होतं. त्याच काळात बाबांनी पीएफमधून पैसे काढून वरचा मजला चढवला. लोक म्हणाले, पोट्ट्याच्या पैशानं माडी बांधली. बाबांनी कधी खुलासा केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगायचं साहेब, बरंच वाटत होतं ना ऐकून."

राहिलेल्या ४५ दिवसांचे १,१२,५०० रुपये आलेच नाहीत. टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवसांचं क्रेडिट असतं. आज केलेल्या कामाचा पैसा तीन महिन्यांनी मिळतो. काम चालू असेपर्यंत चक्र फिरत राहतं. काम थांबलं की शेवटचे हप्ते अडकतात आणि तेव्हा मागायला जाणाऱ्याची गरज समोरच्याला उरलेली नसते. आईनं सहा महिने फोन केले. नंतर फोन उचलणं बंद झालं.

टीडीएसचं प्रकरण तर मला, म्हणजे या धंद्यातल्या माणसाला, जास्त लागलं. अकाउंट्सवाल्यानं पॅन मागितलं. पोराचं नव्हतं, आईचं दिलं, चेकही आईच्या नावानं निघाले. कुणालाच त्यात गैर वाटलं नाही. आता कायदा बघा. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या अंगच्या कलेवर किंवा कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न त्याला अपवाद आहे. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ६४(१क) मध्येच तसं लिहिलं होतं. ते उत्पन्न मुलाचं स्वतःचं. मुलाच्या नावानं पॅन काढता येतो, पालक त्याच्या वतीनं रिटर्न भरू शकतो. खर्च वजा जाता वर्षाचं उत्पन्न तेव्हाच्या दोन लाखांच्या मर्यादेच्या आतच बसलं असतं आणि सगळा टीडीएस परत मिळाला असता. साधा रिटर्न. मी तेव्हा त्याच गावात, याच खुर्चीत बसत होतो. उशिरा परतावा मागायचा तर विलंब माफीच्या अर्जाला सहा वर्षांची मर्यादा होती. शेवटच्या वर्षाचीसुद्धा ती मार्च २०२२ मध्ये उलटली होती.

बुडालेला मेहनताना आणि टीडीएस, हे दोन्ही पैसे आले असते, तर कमिशन कापूनही सत्तर हजारांच्या आसपास शिल्लक पडली असती. फार नाही. पण मग हा तोट्याचा धंदा ठरला नसता.

इथं मी माझं मत सांगून टाकतो. आईबापांनी पोराला लुबाडलं नाही. हॉलिवूडच्या जॅकी कूगनची गोष्ट नेहमी सांगतात. चॅप्लिनबरोबर १९२१ मध्ये पडद्यावर आलेला, जगभर गाजलेला पोरगा. मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र बापानं लाखो डॉलर उडवले. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईसाठी कायदा झाला. आमच्या प्रकरणात उडवायला काही नव्हतंच. घरच्यांनी या कामाला बक्षीस मानलं, हीच गोम होती. बक्षिसाची पावती कुणी मागत नाही, बक्षीस देणाऱ्याशी कुणी भांडत नाही, आणि बक्षीस घ्यायला मुंबईला जायचं तर भाडं आपणच भरतो. नोकरी मानली असती तर बाबांनी, जे स्वतःच्या प्रवासभत्त्यातले वीस रुपये सोडत नाहीत, पहिल्याच महिन्यात कागद मागितले असते.

मालिका कशी सुटली? लीप आला. मालिकेत एका भागात बारा वर्षं उलटली आणि छोटा मोठा झाला. घरी कुणी कळवलं नाही. सेटवर मेकअपदादानं पावडर लावता लावता सांगितलं, "बाळा, आता दोनच आठवडे." मोठेपणीचा नट आला तेव्हा दिग्दर्शकानं पोराला सांगितलं, की तू ती डावी भुवई उडवतोस ना, ती जरा दादाला शिकव. पोरानं शिकवली. आरशासमोर दोघं अर्धा तास भुवया उडवत बसले होते. हे सांगताना त्यानं माझ्यासमोर ती भुवई उडवून दाखवली. अजून उडते.

त्यानंतर फ्लॅशबॅकचे दोन दिवस, २०१५ मध्ये एका चित्रपटात छोटं काम, आणि बस्स.

मग २०१६ साल. या एका वर्षात सगळं एकत्र आलं. जूनमध्ये तो चौदाचा झाला, आवाज फुटला, उंची पाच फूट सातवर गेली. त्याच जूनमध्ये तो नववीत गेला. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, असा शिक्षणहक्क कायद्याचा नियम तेव्हा होता. त्यामुळे पाचवी-सहावीची दोन वर्षं गोरेगावच्या खोलीत गेली तरी हजेरीपटावर तो नागपूरच्या शाळेत होता आणि दरवर्षी वर सरकत होता. गेटवर फलक लावणाऱ्या शाळेला गैरहजेरीबद्दल बोलायची सोय नव्हती. नववीच्या पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी दोन आले. अपूर्णांक पाचवीतच सुटले होते, ते आता बीजगणितात सापडले.

आणि १ सप्टेंबर २०१६ पासून बालकामगार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, पुढच्या वर्षी नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे, ते तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतील. सगळं चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी. आमचा पोरगा जूनमध्येच चौदा ओलांडून बसला होता. त्याच्या मालिकेच्या काळात हा नियम असता तर त्याला मिळालेल्या रकमेवर एक लाख बासष्ट हजार आणि वर व्याज ठेवीत राहिलं असतं. अर्थात तूटही तेवढीच वाढली असती, हेही खरं. बाबांनी ती भरली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही.

चौदा ते अठरा हा या धंद्यातला रिकामा टप्पा. लहान मुलाचं काम करायला मोठा, मोठ्याचं करायला लहान. कॉलेजकुमार हवा असेल तर निर्माता विशीतला, कोवळ्या चेहऱ्याचा नट घेतो. त्याला बारा तासांची शिफ्ट चालते, सोबत आई येत नाही, दहावीचं वर्ष आडवं येत नाही.

अशा वेळी सचिन पिळगावकरांचं नाव हमखास निघतं. आईनंही काढलं. ते १९६२ च्या सुमारास बालकलाकार म्हणून आले, १९७५ मध्ये नायक झाले, पुढे दिग्दर्शक. उर्मिला मातोंडकरही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पडद्यावर बालकलाकारच होत्या. मी त्यांना म्हटलं, वहिनी, या दोघांचं घर मुंबईत. काम नसलेल्या दिवसाचं भाडं त्यांना लागलं नाही. मुंबईत घर असलेला पोरगा चौदा ते अठरा शाळेत जातो आणि संध्याकाळी ऑडिशन देऊन येतो. आपल्याला त्याच ऑडिशनसाठी आठशे किलोमीटर जायचं, एक दिवस जायला, एक दिवस यायला, आणि तिथं कळणार की रोल कालच भरला. दुसरं टोकही आहे. 'सलाम बॉम्बे'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शफीक सय्यद पुढं बंगळुरूला परतून ऑटोरिक्षा चालवू लागला. पुरस्कारानं घर जवळ येत नाही.

भाषेचं तर वेगळंच झालं. मुंबईला पहिले तीन महिने एक ताई सेटवर फक्त त्याचं बोलणं धुवायला होती. "मी जेवून राहिलो" म्हटलं की रिटेक. "जेवतोय" म्हण. दहा वर्षांच्या पोराला हे पटकन जमतं, त्याला इतकं जमलं की घरी येऊन आजीलाही "जेवतोय" म्हणू लागला. पुढं वारं फिरलं. २०१८ मध्ये 'नाळ' आला, वऱ्हाडी बोलणारं पोरगं लोकांनी डोक्यावर घेतलं. नागराज मंजुळेंनी 'झुंड'साठी नागपूरच्या वस्त्यांमधली, कॅमेरा न पाहिलेली पोरं उभी केली. एका ऑडिशनला यालाही बोलावणं आलं, वऱ्हाडी हवी म्हणून. त्यानं वाक्य म्हटलं. समोरचा म्हणाला, "छान, पण तू पुण्याचा वाटतोस."

दहावी ५१ टक्क्यांनी, बारावी टाळेबंदीच्या वर्षी. बी.ए.ला नाव घातलं, सोडलं. तीन वर्षं कसलंच काम नाही. २०२२ च्या दिवाळीला वडशाच्या एका नाटक कंपनीनं फोन केला.

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भ: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली, धान निघाला की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, कुठं शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतो आणि त्याला जोडून रात्रभर नाटक. कंपन्यांचा बाजार वडसा-देसाईगंजला. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना ही रंगभूमी आठवली. इथं ती न थांबता चालू आहे. या कंपन्यांना पोस्टरवर 'मालिका फेम' लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये मी ब्रह्मपुरीच्या पुढच्या एका गावी त्याचं नाटक बघायला गेलो. अशील म्हणून नाही, जुना लाइटवाला म्हणून. पोस्टर बसस्टँडच्या भिंतीवरच दिसलं. मधोमध मोठा फोटो दहा वर्षांच्या छोट्याचा, गालावर खळी, डावी भुवई वर. खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढा आजचा दाढीवाला. रात्री साडेदहाला पडदा उघडला. लोकांनी बायकापोरांसकट चटया, ब्लँकेटं आणलेली. त्याची भूमिका सावकाराच्या बिघडलेल्या पोराची. दोनच्या सुमारास प्रवेश संपताना मागून आवाज आला, "अरे, थे डायलॉग म्हण ना!" मग चारही बाजूंनी. मालिकेतलं ते वाक्य होतं, "मला मोठं होऊ द्या, मग बघा!" त्यानं दाढीवरून हात फिरवला, दोन क्षण थांबला, आवाज बारीक केला आणि म्हटलं. मैदान हसून लोळलं. तोही हसला. मग त्याच दमात मूळ, जाड आवाजात पुढचं वाक्य घेतलं आणि हसणारं मैदान एकदम गप्प झालं. तो थांबा कुणी लिहून दिला नव्हता. मालिकेच्या ३७० दिवसांत त्याला हे करता आलं नसतं, तिथं कॅमेरा थांबू देत नाही.

पहाटे नाटक संपल्यावर कंपनीवाल्यानं पाकीट दिलं. नाइट संपली, पैसे हातात. नव्वद दिवस नाहीत, को-ऑर्डिनेटर नाही. मी त्याला म्हटलं, तू ज्याला खाली येणं म्हणतोस तो तुझ्या आयुष्यातला पहिला धड पगार आहे. त्याला ते पटलं नाही. "काका, मुंबईतून फोन आला तर मी आजच निघीन," म्हणाला. मोसम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, पुढचे सहा-सात महिने हात रिकामे, हेही त्याचं खरंच होतं.

फोटोचा विषय त्यानं स्वतः काढला होता. कंपनीवाल्याला म्हणाला, लहानपणचा फोटो काढा. तो म्हणाला, काढतो, पण नाइटमागं पाचशे कमी. यावर घरात भांडण झालं. आई म्हणे फोटो राहू दे. त्याची ताई, जी आई मुंबईत असताना आठवी ते दहावी आजीच्या हाताखाली स्वयंपाक करून शिकली आणि जिच्या नावाचा फलक कुठल्याच गेटवर लागला नाही, ती म्हणाली, "पाचशे मी देते. काढून टाक." त्या मोसमात फोटो राहिला.

आता बुडालेले १,१२,५००. इथं मला एक धागा दिसला होता. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, म्हणजे ती २०१७ मध्येच संपली असं वाटेल. पण हक्क अज्ञान मुलाचा असेल तर मुदत सज्ञान झाल्यापासून धरतात. तो सज्ञान झाला जून २०२० ला, आणि सर्वोच्च न्यायालयानं करोनाचा १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीपर्यंत दावा लावायला जागा होती. वकील मित्र म्हणाला, वाद होईल, पण उभं राहता येतं. अट एकच: करार मुलाच्या वतीनं झालेला हवा. आईनं स्वतःच्या नावानं सही केली असेल तर संपलं. म्हणून ते गायब शेवटचं पान महत्त्वाचं. ऑगस्टभर घर उलथंपालथं केलं. पान सापडलं ताईच्या जुन्या भूगोलाच्या वहीत, पाठकोऱ्या बाजूला तिनं नकाशा काढला होता. पुढच्या बाजूला आईची सही आणि खाली हातानं लिहिलेलं: 'अज्ञान कलाकारातर्फे पालक.'

दिवाळीआधी नोटीस गेली. अंधेरीच्या पत्त्यावरून पाकीट परत आलं, पोस्टमनचा शेरा 'लेफ्ट'. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहिलं तर ती निर्मिती कंपनी रजिस्टरमधून कधीच काढली गेली होती. वाहिनीनं कळवलं की कलाकाराशी आमचा थेट करार नव्हता, आणि ते खरं होतं. वकील म्हणाला, संचालकांच्या मागं लागता येईल, पण लाख-सव्वा लाखासाठी मुंबईत तारखा करायच्या का, ते त्याला विचार. ही चौकशी होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता.

मी संध्याकाळी फोन लावला. मागं ऑर्गन लागत होता, कुणीतरी तबला ठोकून सुरात आणत होतं. मुदत महिनाअखेरीला संपते, हो किंवा नाही सांग, म्हटलं.

"काका, आत्ता मेकअपला बसून राहिलो," तो म्हणाला. "आज सिंदेवाहीकडं नाइट आहे. उद्या सांगतो."